नशीब नको, कागद हवा

फलटणच्या रस्त्यावर एखाद्या सकाळी जनरेटरची गाडी आणि तिच्यामागे दोन-तीन व्हॅनिटी दिसल्या की दुपारपर्यंत गावभर होते, शूटिंग आले. पोरे शाळा बुडवून बघायला पळतात. लॉजवाला, चहावाला, गाड्या भाड्याने देणारा, वाड्याचा मालक, सगळे खूश असतात. पुढारी नटनट्यांबरोबर फोटो काढून घेतात आणि पुढच्या सभेत सांगतात, आपला भाग आता चित्रनगरी होणार.

या सगळ्या आनंदात एका प्रश्नाला जागा नसते. जिच्या चेहऱ्यावर हा धंदा उभा आहे, त्या कलाकार बाईला इथे काम करताना काय वाटते?

तिच्याबद्दल गावात दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, "पोरीनं नशीब काढलं." दुसरे, जरा आवाज खाली आणून, "त्या लायनीला गेली." एकात कौतुक आहे, दुसऱ्यात तुच्छता. पण दोन्हींचा अर्थ एकच, की ती जे करते ते काम नव्हे. नशीब असेल तर मजुरी कसली मागायची? आणि 'लाइन' असेल तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? या दोन वाक्यांच्या मध्ये कलाकार बाईचे सगळे हक्क बुडतात. म्हणून हा लेख.

फाटक नसलेली चित्रनगरी

गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली सरकारने उभारली. तिला फाटक आहे, पहारा आहे, कार्यालय आहे. कोल्हापूरला तर त्याच्या कितीतरी आधीपासून सिनेमाचा कारखाना होता. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, 'प्रभात'ची सुरुवात, मग भालजींचा जयप्रभा स्टुडिओ. तिथे नटनट्या पगारी नोकर असत. मालक कोण, हे निदान माहीत होते.

आमच्या सातारा जिल्ह्यात जी चित्रनगरी झाली तिला फाटकच नाही. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, उसाची शेते, जुनी देवळे आणि मुंबई-पुण्याहून काही तासांचा रस्ता, यासाठी सिनेमावाले इथे येऊ लागले. २००४ चा 'स्वदेस' मेणवलीत झाला तेव्हापासून हिंदीवाल्यांची रीघ वाढली. पुढे मराठी मालिका आल्या. '‌लागिरं झालं जी' २०१७ पासून दोन वर्षे घराघरांत चालली आणि साताऱ्याची बोली, साताऱ्याची पोरे पडद्यावर दिसली. आम्हालाही तेव्हा बरे वाटले. खोटे कशाला बोला?

पण फाटक नाही याचा दुसरा अर्थ असा, की इथे जबाबदार कोणीच नाही. वाहिनी मुंबईत. निर्माता मुंबईत. इथे प्रॉडक्शनचा माणूस, त्याच्या हाताखाली को-ऑर्डिनेटर, त्याच्या हाताखाली गावातला कोणी 'माणसं पुरवणारा'. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, तू कुणाकडे कामाला होतीस? ती त्या गावातल्या पोराचे नाव सांगते. ऊसतोडीतल्या मुकादमासारखेच हे आहे. उचल मात्र मिळत नाही.

हिंगणगावला काय झाले

फलटण तालुक्यातल्या हिंगणगावला २०२० च्या सप्टेंबरात 'आई माझी काळूबाई' या मालिकेचे चित्रीकरण चालू होते. करोनाची पहिली लाट होती. सेटवर सत्तावीस जणांना लागण झाली. त्यांतल्या आशालता वाबगावकर २२ सप्टेंबरला साताऱ्याच्या रुग्णालयात गेल्या. वय एकोणऐंशी. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून रंगभूमी गाजवलेली ही बाई शेवटपर्यंत कामावर होती.

त्या वेळी बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली. काहींनी विचारले, या वयात गेल्याच कशाला? हा प्रश्न नीट तपासला पाहिजे. मे २०२० अखेरच्या सरकारी नियमावलीत पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. एका सत्तर वर्षांच्या कलाकाराने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ही अट रद्द केली. ते बरोबरच झाले. ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याला वय सांगून घरी बसवणे हा अन्याय आहे, आणि ज्या बाईने पन्नासहून अधिक वर्षे काम केले तिला काम करावेसे वाटणे यात चूक काहीच नाही.

पण न्यायालयाने काम करण्याचा हक्क दिला. सुरक्षित जागी काम करण्याचा हक्क कोण देणार होते? शेकडो मैलांवरून माणसे आणून एकत्र ठेवायची, तर तपासणी, विलगीकरण, आजारपणातला पगार, विमा ही जबाबदारी कुणाची, हे सगळ्या उद्योगात आधी कागदावर ठरायला हवे होते. इथे कुणा एका निर्मात्याकडे बोट दाखवून भागणार नाही. मालिका रोज दिसली पाहिजे, एपिसोड चुकता कामा नये, हा वाहिन्यांचा नियम सगळ्यांच्या मानेवर बसलेला असतो. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की विझू द्यायचा नाही, तसे. इथे बॉयलरमध्ये माणसांचे दिवस जातात.

त्या काय म्हणतात

गेल्या वर्षभरात आमच्या गटातल्या बायका अशा अनेक जणींशी बोलल्या. कुणाचेही नाव देत नाही. नाव छापले की पुढचे काम जाते, हे पहिल्या भेटीतच प्रत्येकीने सांगितले. एवढ्यावरूनही या धंद्याची ओळख पटावी.

मालिकेत बरी भूमिका असलेली एक मुलगी मुंबईहून येते. ती म्हणाली, "मला अभिनय आवडतो. कॅमेरा सुरू झाला की मी विसरते. पण बारा तासांची शिफ्ट चौदा तासांची होते, तेव्हा कुणी विचारत नाही. घरापासून लांब, महिन्यातले पंधरा-वीस दिवस. कुणाशी भांडले तर राहायचे त्याच बंगल्यात, जेवायचे त्याच टेबलावर. आणि पैसे तीन महिन्यांनी." तीन महिन्यांची ही उधारी या धंद्यात रीत म्हणून चालते. कोणता किराणा दुकानदार तिला तीन महिने थांबतो? २०२१ साली एका मराठी मालिकेच्या कलाकारांनी थकलेल्या मानधनाबद्दल जाहीरपणे तोंड उघडले. नावाजलेल्यांची ही गत, तर मॉबमध्ये उभ्या राहणारीचे काय?

मॉबमध्ये उभी राहणारी बाई आमच्या शेजारच्याच गावची. ऐतिहासिक मालिकेत ती राणीसाहेबांच्या मागे तबक घेऊन उभी होती. सईबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक, आणि तिच्यामागे दासी म्हणून उभ्या राहायलाही फलटणच्याच बायका! ही म्हणाली, "ताई, खुरपायला जाण्यापेक्षा हे बरं. सावलीत बसायला मिळतं, जेवाण चांगलं असतंय. पण सकाळी सहाला नेत्यात आन् रातच्याला कधी सोडत्याल सांगता येत न्हाई. संडासला जायचं म्हणजे उसात. कापडं बदलायला लुगड्याचा आडोसा धरतो आम्हीच एकमेकींला. पानी कमी पितो." ठरलेल्या पैशांतून माणसे पुरवणारा आपला हिस्सा आधीच काढून घेतो. किती, ते तिला माहीत नाही.

पण हीच बाई पुढे म्हणाली, "तुम्ही हे बंद पाडू नका हां. ह्या पैशातून मी पहिल्यांदा मला इचारून साडी घेतली." आमच्यातल्या ज्या कार्यकर्त्या हा सगळा धंदाच वाईट म्हणून हात झटकतात, त्यांनी हे वाक्य पाठ करावे.

तिसरी तमाशातली. फड मोडला. आता लावणीचा सीन असला की तिला बोलावतात, पण पुढे नाचते ती मुंबईची नटी. ही मागच्या रांगेत. वर नटीला अदा शिकवायची तीही हिनेच, त्याचे वेगळे पैसे नाहीत. "पायात चाळ आमचं, अदा आमची. नाव कुणाचं?" एवढेच ती बोलली. तिला सर्वांत जास्त काय लागते, तर सेटवर सगळ्या बायकांना 'मॅडम' म्हणतात आणि तिला 'ए बाई'. आणि रात्री पॅक-अपनंतर गाडीत बसवताना कुणी ना कुणी तिच्याशीच सलगी करायला बघतो. तमाशातली आहे ना, मग तिला काय लाज, असा हिशेब!

तिघींच्या बोलण्यात अभिमान आहे, थकवा आहे आणि भीती आहे. अभिमान कलेचा आहे. थकवा आणि भीती कलेतून आलेली नाही. ती नोकरीच्या अटींतून आली आहे, आणि अटी माणसांनी केलेल्या असतात. त्या बदलता येतात.

हे काही आजचे नाही

१८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. आजही ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो. त्या सीतास्वयंवरात सीताही पुरुषच होता. त्यानंतर कितीतरी दशके प्रतिष्ठित रंगभूमीवर बाई नव्हती. पुरुषाने शालू नेसला तर ती कला, बाईने नेसला तर धंदा. सांगली जिल्ह्यातल्याच नागठाण्याला जन्मलेल्या बालगंधर्वांच्या थोरवीबद्दल आमचे भांडण नाही. पण बायकांनी कसे चालावे, कसे नेसावे हे पुरुषाकडे बघून शिकावे आणि बाईने मात्र रंगमंचावर पाऊल टाकू नये, ही कसली रीत? मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटकमंडळी काढून बायकांना रंगमंचावर उभे केले, ते याच रीतीला धक्का देऊन.

सिनेमात बाई आली. पण कोणत्या अटींवर? शांता आपटे 'प्रभात'ची मोठी नटी. करारावरून कंपनीशी वाद झाला तेव्हा १९३९ साली ती पुण्याला स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसली. त्या काळच्या पत्रांनी हा नटीचा तोरा म्हणून रंगवला. पुढच्याच वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले आणि सिनेमा हा भांडवलाचा धंदा आहे, त्यात कलावंताला काय वागणूक मिळते, हे मांडले. गिरणी कामगार संप करतो त्याला आपण लढा म्हणतो. नटी उपोषण करते त्याला नखरा म्हणतो. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात शांता आपटेचे उपोषण कधी आले का?

हंसा वाडकरने 'सांगत्ये ऐका'मध्ये आपले आयुष्य सांगितले. ज्या सिनेमावरून पुस्तकाचे नाव आले तो १९५९ चा तमाशापट पुण्यात एकशे एकतीस आठवडे चालला. तमाशावरच्या सिनेमांनी कोल्हापूरचे स्टुडिओ जगवले. आणि तमाशातल्या बाया? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चाची ओढाताण होती. आमच्या वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. गौरव करायला आपला समाज नेहमी तयार असतो. शाल आणि नारळ स्वस्त पडतात. निवृत्तिवेतन आणि विमा महाग पडतो.

ते काय म्हणतील

पहिला आक्षेप ठरलेला आहे. "बायका स्वतःहून येतात, कुणी ओढून आणत नाही." खरे आहे. विडी वळायलाही बायका स्वतःहून जातात, ऊस तोडायलाही. म्हणून किमान वेतन मागायचे नाही का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच गावातून येतो. "तुम्ही कायदा काढलात तर शूटिंग दुसरीकडे जाईल. गावाचा रोजगार बुडेल." ही भीती खोटी नाही. पण एक आठवा. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण बंद झाले तेव्हा मालिका काही दिवसांतच गोवा, दमण, हैदराबादला गेल्या. मुख्य कलाकार सोबत गेले. इथल्या मॉबमधल्या बाईला कुणी फोनसुद्धा केला नाही. तोंड मिटून बसल्याने काम टिकते, हा समज त्या महिन्यातच खोटा पडला. आणि ज्यांना इथले वाडे, इथली शेते, इथली बोली हवी आहे, ते दोन फिरते संडास आणि एक कपडे बदलण्याची खोली दिली म्हणून जिल्हा सोडून जातील, हे पटत नाही.

तिसरा आक्षेप, "अहो, आता निर्मात्याच बायका आहेत." आहेत, आणि त्या असाव्यात. पण एखादी बाई चांगली आहे म्हणून तिच्या सेटवर बरे वागवतात, आणि दुसऱ्या सेटवर नाही, याला हक्क म्हणत नाहीत. मालकाच्या स्वभावावर चालते ती मेहेरबानी.

आपली चूक

आता थोडे आपल्याकडे. स्त्री चळवळीने सिनेमाशी भांडण केले ते चित्रणावरून. अश्लील पोस्टरना काळे फासले. स्त्रीदेहाच्या बीभत्स प्रदर्शनाविरुद्ध १९८६ चा कायदा आला. मालिकांतल्या सासवा-सुनांवर आपण परिसंवाद घेतले. ते आवश्यक होते. पण पडद्यावर दिसणारी बाई पाहताना, ती बाई किती तास उभी आहे, तिला पैसे मिळाले का, ती रात्री घरी कशी गेली, हे आपण फारसे विचारले नाही. आपल्यालाही कुठेतरी वाटत होते, की ती त्यांच्यातली, आपल्यातली नव्हे. मोलकरणींची संघटना बांधताना आपण जशा उंबरठ्यावर बसलो, तशा कधी सेटबाहेरच्या खुर्च्यांवर बसलो नाही.

केरळातल्या बायकांनी ते केले. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला तेव्हा सिनेमातल्या बायका एकत्र आल्या, त्यांनी आपली संघटना काढली, सरकारला न्यायमूर्ती हेमा समिती नेमायला लावली. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये तयार झाला आणि सरकारने तो ऑगस्ट २०२४ पर्यंत दाबून ठेवला. त्यात काय होते? लैंगिक मागण्या, काळी यादी, करार नसणे. आणि सेटवर संडास नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका. आमच्या शेजारच्या गावची बाई जे बोलली, तेच शब्द! मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितले, की चित्रपटाच्या प्रत्येक निर्मितीत तक्रार समिती असलीच पाहिजे.

हातात काय आहे

कायदा आपल्या बाजूला आहे, तो वापरायचा आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवरच्या, तात्पुरत्या, मध्यस्थामार्फत आलेल्या बाईलाही लागू आहे, पगार मिळो न मिळो. कामासाठी जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा 'कामाची जागा' आहे. म्हणजे उसाचे शेत, भाड्याचा वाडा, रात्रीची जीप, सगळे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तालुक्याला तक्रार घेणारा एक नोडल अधिकारी असतो आणि त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात.

१९८१ च्या सिने कामगार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला होता, पण तो चित्रपटापुरता. मालिकांतल्या बाया बाहेर राहिल्या. नव्या कामगार संहितेत मालिका, वेब मालिका, रिॲलिटी शो सगळे आले आहेत, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले आहे. इतर बाबतींत या संहितांनी कामगारांचे बरेच हिरावून घेतले, त्याविरुद्ध आपण लढतोच आहोत. पण यातला लेखी कराराचा भाग आपण घट्ट धरला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. चित्रीकरणाची परवानगी देतानाच ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा प्रशासनाने अट घालावी. संडास, कपडे बदलण्याची बंद खोली, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार. नाहीतर परवानगी नाही.

२. मॉबमधल्या बाईलासुद्धा एका पानाचा मराठी कागद मिळावा. त्यावर निर्मात्याचे नाव, तास, मजुरी आणि मध्यस्थाचा हिस्सा लिहिलेला असावा.

३. रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी. बारा तासांपुढे जादा कामाचे पैसे. रात्री घरापर्यंत गाडी, आणि गाडीत एकटी बाई नाही.

४. सेटवर अंतर्गत समितीची नावे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा फोन मोठ्या अक्षरांत लावावा.

५. तमाशा कलावंत बाईने शिकवले तर तिला नृत्यशिक्षिकेचे मानधन आणि श्रेयनामावलीत नाव.

६. हेमा समितीच्या धर्तीवर महाराष्ट्रात चौकशी व्हावी. तीत मालिका, तमाशा, ऑर्केस्ट्रा यांतल्या बायकांचे म्हणणे घ्यावे, आणि अहवाल दडपून ठेवू नये.

यातली पहिली मागणी उद्याच करता येते. तुमच्या गावात शूटिंग आले तर बघायला जा, आम्हीही जातो. पण नट बघून झाला की मागच्या बाजूला जा, जिथे बायका गोणपाटावर बसून बोलावण्याची वाट बघत असतात. त्यांच्याशेजारी बसा. विचारा, सकाळपासून पाणी प्यायलात का? तिथून बोलणे सुरू होते, आमचे तसेच झाले. तालुक्याचा नोडल अधिकारी कोण आहे हे तहसील कचेरीत जाऊन विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

लुगड्याचा आडोसा धरणाऱ्या त्या बायकांनी एक गोष्ट आधीच केली आहे. त्या एकमेकींसाठी उभ्या राहिल्या आहेत. आता आपण त्यांच्या बाजूला उभे राहायचे.